ब्रदर लॅनिअरची घट्ट पेडलं

१ मे १९९४, रविवार

डावी मांडी अजून थरथरतेय! घरी येऊन दोन तास झाले.

ही स्टील गिटार आहे की मालवाहू ट्रक? पेडल म्हणजे पाऊल टेकवायचं, खालची सळी ओढली जाते, तार ताणली जाते, सूर चढतो. एवढं सोपं. इथं अख्खा देह टाकावा लागतो! चर्चच्या प्रमुख मदर गेन्स प्रवचनात रंगात आल्या होत्या. त्यांचा आवाज जाईल तिथं गिटारनं मागं जायचं, त्यांनी श्वास घेतला की उत्तर द्यायचं — हे आमच्या चर्चमधलं शेंबडं पोरही जाणतं. त्यांनी श्वास घेतला. मी पेडल दाबलं. अर्ध्यावर अडकलं! सूर ना खालचा ना वरचा, मधेच लोंबकळला. मदर गेन्सनी मान वळवून पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं. मागून ड्रमवाला हॉरेस कुजबुजतो, "सिस्टर, आज जेवून नाही आलात का?" गाढव!

त्यात दहाच्या दहा तारा ढिल्या. दर रविवारी उपासना संपली की आमचा म्हातारा वादक लॅनिअर तारा उतरवून ठेवतो — त्या कशा लावल्यात ते दुसऱ्याला कळू नये म्हणून! जुने वादक सगळेच असं करतात म्हणे. करोत. मी सकाळी सातला जाऊन कानानं लावल्या.

म्हातारा हॉस्पिटलात आहे. मुतखडा. गुरुवारी मदर गेन्सचा फोन आला — "आर्डेलिया, तो येईपर्यंत त्याच्या खुर्चीवर तू बस. बारा जूनला राज्य मेळावा आहे. तोवर तो आला नाही, तर तिथंही तूच." राज्य मेळावा! फ्लोरिडातली आमची सगळी चर्चेस एका मांडवाखाली. तिथं जो वाजवतो तो त्या चर्चचा वादक, हे न बोलता ठरलेलं. अकरा वर्षं मी ह्या खुर्चीची वाट बघतेय. आणि मिळाली ती अशी.

२ मे

शाळेच्या स्वयंपाकघरात मोठं पातेलं उचलताना कंबरेत चमक भरली. बाकीच्या बायका म्हणतात, "रविवारी फार नाचलीस वाटतं!" हो, नाचले!

४ मे, बुधवार

राग उतरत नाही म्हणून लिहितेय.

चौदा वर्षांची असल्यापासून मी लॅनिअरच्या डाव्या पायाशी जमिनीवर बसायचे. आमच्यात स्टील गिटार कुणी शिकवत नाही. बघायची. पाऊल कुठल्या पेडलवर कधी पडतं, घोटा किती वळतो — नऊ वर्षं मी तो एक काळा चकचकीत बूट बघितला. घरी येऊन पलंगाच्या पट्टीवर पाय दाबून सराव करायचे. आई म्हणायची, पलंग मोडशील.

ऑगस्ट १९८३. एका रविवारी जाते तर पेडलांभोवती जांभळं मखमली कापड! तिन्ही बाजूंनी, जमिनीपर्यंत. मी नेहमीसारखी खाली बसायला गेले, तर — "आर्डी, जा, क्वायरमध्ये बस."

का, ब्रदर?

"तुझ्या पायात तेवढा जोर नाही."

एवढंच. वीस माणसं ऐकत होती. मी तेवीस वर्षांची होते, घरी जाऊन लहान मुलीसारखी रडले.

आणि त्याच वर्षी, ईस्टरला, ह्याच माणसानं उभं राहून साक्ष दिली होती. मदर गेन्सनी डोक्यावर हात ठेवला आणि देवानं त्याची शुगर काढून घेतली. सुया कचऱ्यात टाकल्या म्हणाला. हात वर करून रडत होता. सगळं चर्च नाचलं, मीही नाचले. मदर गेन्स ती गोष्ट अजून दर ईस्टरला सांगतात, ती ऐकून लांबलांबून आजारी माणसं येतात. देवानं ज्याच्यावर एवढी कृपा केली, त्याला एका मुलीसाठी जमिनीवर दीड हात जागा जड झाली!

७ मे, शनिवार

मदर गेन्सना सांगितलं — पेडलं सैल केल्याशिवाय मला वाजवता येणार नाही. गिटार चर्चची आहे, बायकांनी मुलेट मासे तळून विकले त्यातून आलेली. त्या म्हणाल्या, "कर की सैल. पण आधी त्याला विचार. त्याचा पाय बसलाय त्यावर."

गेले हॉस्पिटलात. खोलीच्या दारातच त्याची बायको, सिस्टर ओझेला. छातीशी पर्स धरून उभी.

"झोपलेत."

"दोनच मिनिटं, सिस्टर. गिटारचं विचारायचंय."

"कुणालाही भेटायचं नाही त्यांना."

तिच्या खांद्यावरून आत दिसत होतं. पायाकडे पांघरुणाखाली काहीतरी पिंजऱ्यासारखं ठेवून ते तंबूसारखं वर उचललेलं. मुतखड्याला हे काय नवीन! असो. मी विचारायला गेले होते. विचारलं असं समजते.

९ मे, सोमवार

कापड काढलं. अकरा वर्षांनी!

शाळेतून थेट चर्चवर गेले. क्लेमंटही त्याच्या बस डेपोतून पाने-पकडी घेऊन आला. नवरा म्हणून कसाही असो, हत्यारं मात्र जागच्या जागी ठेवतो. दोघांनी मिळून गिटार उलटी करून टेबलावर घेतली.

पेडलांच्या मधे लाकडी पट्ट्या! बोटभर उंच, स्क्रूनं बसवलेल्या, बाहेरच्या अंगाला आणखी दोन. म्हणजे प्रत्येक पेडल एका खोबणीत. पाऊल सरकवायला गेलं की रविवारी घोट्याला खाडकन लागत होतं ते हे! तिथं निळं झालंय अजून. कशासाठी हे कुंपण? दुसरं कुणी बसलं तर त्याचा पाय ठेचावा म्हणून. दुसरं काय असणार!

क्लेमंट म्हणतो, "काम मात्र सुबक केलंय हां. कडा बघ, हातानं घासल्यात."

"तुला कौतुक सुचतंय? काढ ते!"

काढल्या. मागच्या कचरापेटीत मी स्वतः नेऊन टाकल्या.

मग खालचं यंत्र बघितलं. आडव्या दांड्यावर छोटे पत्रे, प्रत्येकाला चार भोकं. सळीचा आकडा कुठल्या भोकात आहे त्यावर सगळा खेळ. दांड्यापासून लांबच्या भोकात घातला तर पेडल जड, पण जरासं दाबलं की सूर गाठतं. जवळच्या भोकात घातला तर हलकं, पण पाऊल बरंच खाली जातं. आणि ह्या माणसानं एकूण एक सळी सगळ्यात जड भोकात अडकवलीय! एखादी असती तर म्हटलं असतं, चुकलं असेल. सगळ्याच? "तुझ्या पायात जोर नाही" म्हणाला होता ना — ते खरं करून ठेवलंन!

१० मे

पहिलं पेडल. जुनं ग्रीस खरवडून काढलं, शिलाई मशीनचं तेल, एकेक थेंब. मग आकडा काढून एकदम सगळ्यात आतल्या भोकात. मऊ झालं, पण पाऊल जमिनीला टेकलं तरी सूर पोचेना! क्लेमंट हसत सुटला. "आता हे पेडल नाही, पाळणा झाला." फेकून मारणार होते पाना.

१२ मे, गुरुवार

आतून दुसरं भोक. तेच बरोबर! आकडा बदलला की टोकाची नायलॉनची गुंडी फिरवून सूर परत जुळवायचा — अर्धा आटा जास्त झाला की चढलाच. एका सळीला पाऊण तास. तिन्ही पेडलं झाली. आता पाऊल ठेवलं की जातं, उचललं की परत येतं. कुणालाही जमलं असतं हे. त्यालाही जमलं असतं!

१५ मे, रविवार

आज वाजलं!!

मदर गेन्सनी श्वास घेतला आणि मी तिथं होते. सूर अलगद चढवला, धरला, त्यांनी वर बघितलं, मी आणखी चढवला. मग लोक उठले. वीस मिनिटं कुणी खाली बसलं नाही. हॉरेसच्या शर्टाचं पाणी झालं. उपासना संपल्यावर मदर गेन्सनी माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. म्हणाल्या, "पोरी, कुठं होतीस इतके दिवस?"

क्वायरमध्ये! तिसऱ्या रांगेत! तुमच्यासमोरच!

आनंदानं घरी यायचं तर संतापानं आले. अकरा वर्षं. चार भोकांच्या एका पत्र्यासाठी.

२२ मे

आजही छान. हॉरेस म्हणाला, "सिस्टर, मेळाव्यात आपण मांडव उडवणार." मी मेळाव्यासाठी पांढरे कपडे शिवायला टाकले.

२७ मे, शुक्रवार

तो येतोय.

घरी सोडलंय त्याला. मेळाव्यात तो वाजवणार. मदर गेन्स फोनवर म्हणाल्या, "त्याची इच्छा आहे, आर्डेलिया. खुर्ची त्याची आहे. तू अजून तरुण आहेस." चौतीस वर्षांची आहे मी! पाव आणि उकडलेल्या शेंगा घेऊन मागच्या पायरीवर बसले आणि सालं अंगणभर भिरकावली. क्लेमंट दारात आला, बघितलं, परत आत गेला. शहाणा आहे.

मग तोच म्हणाला, "पेडलं पूर्वीसारखी करायची का? सगळ्या सळ्या बाहेरच्या भोकात, एका संध्याकाळचं काम."

माहीत आहे मला एका संध्याकाळचं काम आहे.

"राहू दे," म्हटलं. एवढा मोठा वादक. हलकं पेडल त्याला दोन मिनिटांत जमायला हवं. त्यानं विचारलं तर सांगीन.

५ जून, रविवार

आला. काठी घेऊन, सिस्टर ओझेलाच्या खांद्याला धरून. फार वाळलाय. लोक उभे राहिले, मदर गेन्सनी पुन्हा त्याच्या साक्षीची गोष्ट सांगितली — ज्याची शुगर देवानं घेतली त्याला मुतखडा काय करणार! तो मान खाली घालून ऐकत होता. वाजवलं नाही. म्हणाला, ताकद मेळाव्यासाठी ठेवतो.

नंतर माझ्याजवळ आला. "आर्डी, ऐकलं, चांगलं वाजवतेस." अकरा वर्षांत पहिल्यांदा आर्डी म्हणाला.

"गिटारला काही केलंस?"

मी म्हटलं, "पुसली, ब्रदर. तेल दिलं."

"देवाची कृपा," म्हणाला आणि गेला.

त्यानं विचारलं. मी सांगितलं नाही. हे इथं लिहून ठेवते. मला स्वतःलाच नंतर खोटं बोलता येऊ नये म्हणून.

१२ जून, रविवार

कसं लिहू.

मांडवात चारशे माणसं. लॅनिअर पांढऱ्या कोटात. हॉरेसनं जांभळं कापड नीट लावून दिलं. मी क्वायरमध्ये, त्याच्यापासून पाच पावलांवर. सांगायला पाच पावलं पुरे होती!

मदर गेन्सनी श्वास घेतला. त्याचा डावा गुडघा खाली गेला — आणि जातच राहिला. सूर घसरला. त्यानं पाय उचलला, पुन्हा ठेवला. चुकीच्या पेडलवर. असा बेसूर आवाज मी त्या गिटारमधून कधी ऐकला नव्हता. पुढच्या रांगेतलं एक मूल हसलं, आईनं त्याला चापट मारली. तिसऱ्यांदा त्यानं खाली बघितलं. कापड बाजूला करून, मान वाकवून, स्वतःच्या पावलाकडे बघितलं. चाळीस वर्षं वाजवणारा माणूस पेडल शोधत होता!

मला वाटलं आता थांबेल, म्हणेल, कुणीतरी ह्याला हात लावलाय, पाना आणा. एक पेडल तरी घट्ट करून घेता आलं असतं. मेळाव्यात तारा तुटतात, लोक थांबतात, गातात. पण तो काहीच बोलला नाही. डाव्या हातातला पोलादी बार तारांवरून उचलला, रुमालात गुंडाळला. मग वळून मला हात केला. ये.

मी गेले. बसले. वाजवलं. अख्खा मांडव उठला. हातून एक सूर चुकला नाही, आणि हेच सगळ्यात वाईट. म्हातारा बाजूच्या खुर्चीवर, हात मांडीवर ठेवून.

का नाही बोलला? काय हा हट्ट! एक शब्द बोलला असता तर!

१४ जून, मंगळवार

दुपारी सिस्टर ओझेला आल्या. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत.

"त्या पट्ट्या दे."

"कुठल्या?"

"आर्डेलिया."

मी म्हटलं, टाकल्या. त्यांनी डोळे मिटले. मग भिंतीला टेकून बोलत राहिल्या, जवळजवळ ओरडतच. "हातांनी केल्या होत्या त्यांनी, पेकानच्या लाकडाच्या. पाय जातोय कुठं ते कळायचं नाही म्हणून! पाऊल खोबणीत बसलं की बसलं. अकरा वर्षं त्या पायाला काही जाणवत नाही. हीटरवर भाजला, वास मला आला तेव्हा कळलं. हलकं पेडल त्यांना कळणारच नाही गं! जड असलं की मांडीला भार येतो, तेवढंच कळतं."

मी म्हटलं, शुगर गेली ना पण? साक्ष दिली होती ना?

"साक्ष दिली तेव्हा खरंच बरं वाटत होतं. चार महिन्यांनी बोटं बधिर झाली. तोवर मदर गेन्सनी गावोगाव सांगितलं होतं. मग कुठल्या तोंडानं सांगणार? दोन गावं पलीकडून इन्सुलिन आणते मी, पीठाच्या डब्यात ठेवते. मुतखडा कसला! दोन बोटं कापली पायाची."

आणि मग, जाता जाता — "क्वायरमध्ये बस म्हणाले तुला त्याचा राग धरून बसलीस ना? त्यांच्या पावलाशी कोण बसायचं? सगळ्यात आधी कुणाला दिसलं असतं?"

गेल्या. मी स्वयंपाकघरात उभी. हातातला चमचा भिंतीवर मारला, मग दुसरा मारला. सांगायचं होतं ना! मला सांगायचं होतं! मी कुणाला सांगितलं असतं? नऊ वर्षं मी त्या बुटाशी बसले होते, माझ्यावर एवढाही विश्वास नव्हता?

१६ जून, गुरुवार

मदर गेन्सचा फोन. आवाज कोरडा. "लोक कुजबुजतायत, आर्डेलिया. गिटार बिघडवली होती म्हणतात. हॉरेस म्हणतो पेडलं पूर्वीसारखी नव्हती. मी तुला आधी त्याला विचारायला सांगितलं होतं. विचारलं होतंस?"

मी फोनची वायर बोटाला गुंडाळत राहिले.

"रविवारी साक्षीच्या वेळी उठ आणि सगळ्यांसमोर काय ते सांग. मग खुर्चीचं ठरवू."

काय सांगू? नुसतं "सैल केली" म्हटलं तर विचारतील, एवढा वादक हलक्या पेडलवर का अडखळला. त्याचं उत्तर मला माहीत आहे! माझं पाप सांगायचं तर त्याचं उघडं पडतं. गप्प बसले तर तो म्हातारपणी सूर विसरलेला म्हातारा ठरतो. कात्रीत धरलंय मला. आणि धरलंय कुणी? मीच. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता.

क्लेमंटला सगळं सांगितलं. त्यानं ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "सांगून टाक." सोपं आहे त्याला.

१९ जून, रविवार

मी उठणार होते. गुडघ्यांवर हात ठेवून पुढं वाकलेही होते. त्याआधी ब्रदर लॅनिअर उठले. काठी बाकाला टेकवली, डावा बूट काढला, मोजा काढला, आणि दोन बोटं नसलेलं ते पाऊल बाकावर ठेवलं. सगळ्यांसमोर, मदर गेन्ससमोर. "अकरा वर्षं मी खोटी साक्ष मिरवली," म्हणाले. कुणीतरी मोठ्यानं रडलं. मदर गेन्स खुर्चीवर बसल्या. मग ते म्हणाले, "आणि मेळाव्यातल्या गिटारबद्दल बोलताय, ते बंद करा. पेडलं मी ठेवली होती तशीच होती. पाय माझा गेलाय." सगळं ठाऊक असून माझ्याकडे बघितलंही नाही.

मी बसूनच राहिले.